पहिला गिअर पडेना

"टीचर, बेगीन येवा! गाडी गेली!"

"खंय गेली?"

"खंयच जाना नाय म्हणान तर तुमका बोलवक इलंय!"

डायलन मधल्या दगडी गडग्यावरून उडी मारून आमच्या अंगणात आला होता. पायात चप्पल नाही, हातात अर्धा पाव. मी झाडांना पाणी घालत होते. झारी तिथेच ठेवली आणि त्याच्या मागोमाग निघाले. तो पुढे धावायचा, वळून बघायचा, पुन्हा धावायचा.

डायलन म्हणजे शेजारच्या कुस्तोदियोचा नातू. त्याची मोठी बहीण डेल्सी माझ्याकडे विज्ञान शिकायला येते, पण तिचा जीव आमच्या देवबागच्या वाळूत, दोन माडांच्या मधल्या जागेत असतो. ते दोन माड म्हणजे तिचा गोल. त्यांच्यामधून चेंडू घालवणं गावातल्या मोठ्या मुलग्यांनाही जमत नाही. त्या दिवशी ओरोसला जिल्ह्याच्या चौदा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल संघाची निवड होती. नऊच्या आत मैदानावर नाव द्यायचं होतं. पुढच्या वर्षी डेल्सी वयात बसणार नव्हती. म्हणजे आज नाही तर या संघात कधीच नाही.

अंगणात पोचले तर डेल्सी गोलकीपरचे हातमोजे चढवूनच मागच्या सीटवर बसलेली. तिच्या शेजारी रसिका, तिची मैत्रीण, तीही निवडीला निघालेली. पुढे स्टिअरिंगवर डेल्सीची आई कार्मेलिना, घामाघूम.

"टीचर, इंजिन मस्त चालू जाता," कार्मेलिना म्हणाली, "पण पयलो गिअर पडनाच नाय. आणि रिव्हर्स घालूक गेल्यार कर्रर्र करता!"

"काल सांजेक बरी होती," गाडीभोवती फेऱ्या मारत कुस्तोदियो म्हणाला. "मी सोता चालू करून बघितलंय. दर आयतारी चालू करतंय."

"आजो, चालू करणा वेगळा आणि चालवणा वेगळा," डेल्सी आतून ओरडली.

गाडी सॅविओची, म्हणजे कार्मेलिनाच्या नवऱ्याची. तो बोटीवर नोकरीला. मे महिन्यात तो परत गेला आणि गाडी पावसाळाभर मागच्या खोपीत झाकून राहिली. आता ऑक्टोबर. काल संध्याकाळी ती ढकलतच अंगणात आणलेली. गाडी आहे म्हणून त्यांनी पहाटेची एसटी डोळ्यांदेखत जाऊ दिली होती. रिक्षावाला विनीत भाडं घेऊन चिपीच्या विमानतळावर गेलेला. ज्यांच्याकडे बाईक आहेत ती सगळी पोरं पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला समुद्रात. आमच्या गावाच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या आणि मधून एकच रस्ता. त्या रस्त्यावर त्या घडीला एकही चाक हलत नव्हतं.

"टीचर, आता?" डेल्सीने विचारलं. मी घाई केली नाही. गाडीच्या बाबतीत घाई करणारा माणूस भलताच स्क्रू पिळतो.

"सगळे खाली उतरा," मी म्हटलं. "आधी गाडीला काय होतंय ते तिलाच विचारूया. कार्मेलिना, इंजिन बंद कर. आता क्लच दाब आणि गिअर टाक."

गिअर अलगद पडला. पहिला पडला, दुसरा पडला, रिव्हर्ससुद्धा.

"आयशप्पत! बरी झाली!" डायलनने उडी मारली.

"थांब रे शाण्या," रसिका म्हणाली. "इंजिन बंद आसा. चालू करून पडूक होयो ना!"

"बरोबर," मी म्हटलं. शिकवायला लागले की माझी भाषा आपोआप शाळेची होते. "इंजिन बंद असताना गिअर पडतो, चालू असताना पडत नाही. मग दोष गिअरमध्ये आहे का?"

तिघं माझ्याभोवती गोळा झाली.

"हात पुढे करा. डेल्सी, तू इंजिन. डायलन, तू चाकं. तळव्याला तळवा लावा, घट्ट."

डेल्सीने मोजा काढला आणि भावाच्या तळव्यावर तळवा दाबला.

"आता इंजिन फिरव."

तिने मनगट फिरवलं, तशी डायलनच्या हाताची कोपरापासून कमान झाली. "आवशी! सोड गो!"

"गाडी चालते ती अशी. इंजिनाची चकती आणि क्लचची चकती एकमेकींवर दाबून बसतात, एक फिरली की दुसरी फिरते. रसिका, तू पाय आहेस. क्लच दाब. म्हणजे दोघांचे हात वेगळे कर."

रसिकाने दोघांच्या हातांमध्ये बोटं घालून फट केली. डेल्सीचा हात फिरत राहिला, डायलनचा थांबला.

"आता चाकं मोकळी. आता गिअर सुखाने पडेल. पण समजा रसिकाने ओढलं आणि हात सुटलेच नाहीत, तर?"

"तर चाकां फिरतच रवतली," डेल्सी हळूच म्हणाली. मग तिचे डोळे मोठे झाले. "म्हणान गिअर पडना नाय! क्लच दाबलो तरी सुटना नाय!"

"शाबास. आता आपल्याला एवढंच शोधायचं, की का सुटत नाही. पायापासून सुरू करू. कोण वाकून बघतंय?"

डायलन कधीच पॅडलखाली शिरला होता. तिथून त्याचा आवाज आला, "टीचर! पायपुसणां! दोन दोन!"

खरंच, गाडीच्या रबरी चटईवर काथ्याचं जाड पायपुसणं होतं आणि ते पॅडलच्या खाली सरकून घडी झालं होतं.

"वाळू आत येता म्हणान मीच घातलंय," कुस्तोदियो पुटपुटला.

"पापा!" कार्मेलिनाने कपाळाला हात लावला.

डायलनने पायपुसणं ओढून बाहेर भिरकावलं. आता पॅडल पार तळापर्यंत जात होतं. सगळ्यांचे चेहरे उजळले. डेल्सी तर पुन्हा मोजा चढवायला लागली. कार्मेलिनाने चावी फिरवली, इंजिन गुरगुरलं, तिने क्लच दाबला, गिअरचा दांडा पुढे ढकलला.

कर्रर्र.

डेल्सीने मोजा परत काढला.

"एक कारण गेलं," मी म्हटलं. "एक कारण गेलं की शोध तेवढाच लहान होतो. इंजिन बंद कर, बॉनेट उघडूया."

या गाडीला क्लचची तार आहे. पॅडल दाबलं की तार ताणते आणि गिअरबॉक्सवरचा एक छोटा दांडा ओढला जातो. तार तुटत आली किंवा सैल झाली, तर दांडा पुरता हलत नाही. मी मुलांना तो दांडा दाखवला आणि कार्मेलिनाला पॅडल दाबायला सांगितलं.

"हलता! हलता!" डायलन नाचला.

"किती?"

डेल्सीने वाकून नीट बघितलं. गोलात उभी असताना चेंडूकडे बघते तशी. "बरोच हलता, टीचर. आणि सोडल्यार परत जागेर येता. तार बरी आसा."

"म्हणजे पाय बरा, तार बरी, बाहेरचा दांडा बरा. मग रोग कुठे?"

"भितर," रसिका म्हणाली.

भितर हा शब्द ऐकून कार्मेलिना खचलीच. भितर म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं, म्हणजे गॅरेज, म्हणजे आजचा दिवस गेला. डेल्सीने तोंड फिरवलं आणि माडांकडे बघत उभी राहिली. रसिका तिच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मला ते बघवेना, पण विचार सोडून चालणार नव्हतं. आतली चकती बघता येत नसली, तरी तिचं काय झालं असेल ते विचारून काढता येतं.

"कुस्तोदियो," मी म्हटलं, "पावसाच्या आधी गाडी ठेवलीस तेव्हा काय काय केलंस? सगळा सांग."

त्याने छाती पुढे काढली. "रुक्मिणीबाय, होडयेक करतंय तसाच केलंय. होडी वर ओढली की काय करतत? गोड्या पाण्यान धुवन काढतत आणि लगेच झाकतत. गाडयेक पंप लावलंय, पोटापास्ना धुतलंय, खाऱ्याचो एक कण ठेवक नाय. मगे ताडपत्री, वर झावळां. भितर थेंब गेलो नाय!"

"आणि आतलो थेंब भायर कसो येतलो?" डेल्सी वळली.

कुस्तोदियो तिच्याकडे वळला.

"काय म्हणालीस? परत सांग," मी म्हटलं.

"टीचर, होडी लाकडाची. धुवन झाकली तरी काय जाता? पण हयसर भितर लोखंड आसा, दोन चकत्यो एकामेकांर दाबून बसलेल्यो. आजोन खालसून पंप मारलो, पाणी भितर गेला. मगे गाडी चालवकच नाय. सुकतली कशी? गंज येतलो!"

"फणसाच्या चिकासारखो!" डायलन ओरडला आणि दोन्ही तळवे एकमेकांवर आपटून चिकटल्याचं सोंग करू लागला. "सोडवा माका! सोडवा!"

"म्हणजे माझ्यामुळा?" कुस्तोदियो म्हणाला. इतक्या आवडीने गाडी सांभाळणारा माणूस, पण गाडी धुतल्यावर चार फेऱ्या मारून ती वाळवायची असते हे होडीवाल्याला कोण सांगणार? दर रविवारी तो इंजिन तेवढं चालू करी. बॅटरी ठणठणीत राहिली, क्लच मात्र पावसाळाभर कोणी दाबलाच नव्हता.

मी मालवणच्या मितेशला फोन लावला. तो माझा जुना विद्यार्थी, त्याचं गॅरेज आहे. पण तो पहाटेपासून नांदगावला एका बंद पडलेल्या टेम्पोखाली होता. मी त्याला मुलांनी शोधलेलं सगळं क्रमाने सांगितलं.

"टीचर, शंभर टक्के चिकाटलीहा," तो म्हणाला. "गरम करून हिसको देवा, सुटात. पण मोकळी जागा होयी हां! चावी फिरली काय गाडी धावतली."

"आणि सुटली नाही तर?"

"तर मगे माझ्याकडे ओढून घेवन येवा."

मोकळी जागा म्हणजे शाळेचं मैदान. तिथपर्यंत गाडी न्यायची कशी हा प्रश्न आला आणि इतका वेळ मान खाली घालून बसलेला कुस्तोदियो ताडकन उठला. त्याने गल्लीत जाऊन जी हाक मारली, ती रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढायला बोलावताना मारतात तशीच, खाडीपलीकडे जाईल अशी. घराघरांतून माणसं बाहेर आली. म्हातारे रापणकार, मासे विकायला निघालेली सुगंधा, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेली शर्मिला.

"काय रे, देवमासो लागलो काय?" सुगंधाने विचारलं.

"गाडी ओढूची आसा! डेल्सीक ओरोसाक जावचा आसा!"

पुढचं कोणी विचारलं नाही. पाटी खाली ठेवून सुगंधा पहिली मागे लागली. गिअर न्यूट्रलला, कार्मेलिना स्टिअरिंगवर, दोन्ही बाजूंनी माणसं. डेल्सी मधोमध पाठ लावून पायाने रेटत होती. गाडी निघाली तशी मागे वरात झाली. कुत्री भुंकत होती, डायलन पुढे पळत कोंबड्या हाकत होता आणि म्हातारे जाळं ओढताना द्यायचे ते हेल काढत होते.

मैदानावर मी सगळ्यांना थांबवलं. "आता नीट ऐका. चावी फिरली की गाडी पुढे धावणार. तिच्यासमोर कोणी उभं राहायचं नाही. मुलं, मोठी, सगळी कुंपणापलीकडे."

"मी बसतंय गाडयेत," कुस्तोदियो म्हणाला.

"पापा, तुमी होडयेत बसा," कार्मेलिना म्हणाली. लोक हसले आणि तिचीही भीती थोडी कमी झाली. मी तिच्या शेजारच्या सीटवर बसले. आधी न्यूट्रलमध्येच इंजिन चांगलं गरम होऊ दिलं. कुंपणापलीकडे डेल्सी येरझारा घालत होती. मग इंजिन बंद.

"पहिला गिअर टाक. क्लच पूर्ण दाब आणि दाबूनच ठेव, काही झालं तरी सोडू नकोस. फिरव चावी. भीती वाटली तर चावी बंद कर, गाडी थांबते."

गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि निघाली. क्लच तळापर्यंत दाबलेला आणि तरीही गाडी चाललेली!

"टीचर, ही ऐकना नाय!"

"ऐकेल. गोल फिरव. आता अॅक्सिलरेटर दाब, झटकन सोड. दाब, सोड."

गाडी धक्के खात मैदानाला फेरी घालू लागली. माझं डोकं एकदा पुढे, एकदा मागे. कुंपणावरून आवाज येत होते, "दाब! सोड!" सगळा गाव क्लच शिकत होता. एक फेरी झाली, दुसरी झाली, काही सुटलं नाही.

"आता अॅक्सिलरेटर द्यायचा आणि एकदम सोडून ब्रेकला टिचकी मारायची."

कार्मेलिनाने जोरात ब्रेक दाबला. गाडी आचके देऊन बंद पडली.

मी बाहेर बघितलं. डेल्सी तारेला दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"मम्मी!" ती ओरडली. "परत! बॉल एकदा सुटलो म्हणान मी गोल सोडून जातंय काय?"

कार्मेलिनाने पदराने नव्हे, कोपराने घाम पुसला, क्लच दाबला आणि चावी फिरवली. पुन्हा उडी. पुन्हा धाव. या वेळी तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. अॅक्सिलरेटर, मोकळा, टिचकी. अॅक्सिलरेटर, मोकळा, टिचकी.

ठप्प!

पायाखाली काहीतरी तुटल्यासारखा आवाज झाला. इंजिन एकदम मोठ्याने ओरडलं आणि गाडी मात्र हळू झाली, अगदी हळू, शेवटी आपसूक थांबली. इंजिन चालू होतं. गिअर पहिला होता. गाडी उभी होती.

"सुटलो?" कार्मेलिनाने कुजबुजत विचारलं.

"रिव्हर्स टाकून बघ."

दांडा लोण्यातून जावा तसा गेला. कर्रर्र नाही, काही नाही.

मग कोण कुठून आत आलं ते मला कळलं नाही. डायलन बॉनेटवर थापा मारत होता, शर्मिलाचा टॉवेल हवेत फिरत होता, कुस्तोदियो गाडीच्या टपाची पापी घेत होता. आणि डेल्सी मागचं दार उघडून आत बसलीसुद्धा होती. "रसिका, चल गो! मम्मी, चल, चल, चल!"

"टीचर, तुमी उतरू नकात," कार्मेलिना म्हणाली. "वाटेत काय झाला तर?"

मी उतरणार नव्हतेच. डायलन चालत्या गाडीत चढेल म्हणून त्यालाही घेतलं. अंगणात थांबून त्याच्या चपला घ्यायला वेळ नव्हता.

तारकर्लीच्या वळणांवर सुरुवातीला क्लचचा थोडा जळका वास आला. गंज घासून जात होता. मग तो विरला. कार्मेलिना गिअर बदलायची तेव्हा आम्ही सगळे श्वास धरायचो आणि गिअर पडला की मुलं ओरडायची, "दुसरोऽऽ! तिसरोऽऽ!" मालवण मागे पडलं. चौके गावात म्हशी आडव्या आल्या. कार्मेलिनाने क्लच दाबला, गाडी मुकाट उभी राहिली, म्हशी गेल्या, पहिला गिअर पडला. कट्टा गावच्या बाजारात ट्रक अडकलेला. "मी उतरान धावत जातंय," डेल्सी म्हणाली. "बस गो," रसिकाने तिला खाली ओढलं. कसालला महामार्गाला लागलो तेव्हा चौथा गिअर पडला आणि डायलन इतका ओरडला की शेजारच्या एसटीतले लोक खिडकीतून बघायला लागले.

मैदानाच्या फाटकाशी एक गृहस्थ टेबल आवरत होते. डेल्सी आणि रसिका गाडी थांबायच्या आत दार उघडून धावल्या.

"सर! दोघी रवल्यो! आमी देवबागच्यो!"

त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग या दोघींकडे. दोघींच्या कपड्यांना गाडी ढकलताना लागलेली माती आणि ग्रीस. "आत्ताच खेळून आलात की काय?" म्हणाले आणि नावं लिहून घेतली.

डेल्सीला उड्या मारून अंग मोकळं करायलाही मिळालं नाही. तिला सरळ गोलात उभी केली. पहिला चेंडू तिच्या डाव्या बाजूने आत गेला. आमची वाळू मऊ, इथली लाल जमीन टणक. तिने एकदा पायाने जमीन दाबून बघितली, जराशी पुढे सरकली आणि मग दुसऱ्या चेंडूवर अशी झेपावली की मी डायलनचा खांदा आवळला. कोपर सोललं. चेंडू बाहेर. तिसरा छातीवर घेतला. चौथा बोटांच्या टोकांनी वर उडवला. पुढे मी मोजायचं सोडलं. रसिकाही झकास पळाली, पण तिच्यासारख्या पळणाऱ्या मुली तिथे खूप होत्या.

दुपारी प्रशिक्षक बाईंनी मुलींना ओळीत बसवून नावं घेतली. रसिका राखीव खेळाडूंमध्ये. गोलकीपर, डेल्सी.

कार्मेलिनाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रसिकाने डेल्सीच्या पाठीत असा धपाटा घातला की ती पुढे पडली. डायलन अनवाणीच मैदानात शिरला आणि कोणी हटकायच्या आत एक फेरी मारून आला.

"बस आता, पाणी पी," प्रशिक्षक बाई डेल्सीला म्हणाल्या. "हात धुऊन घे, त्या कोपराला औषध लावूया."

"मॅडम," डेल्सी म्हणाली, "पयलो बॉल माझ्या डाव्या बाजून गेलो. थयसूनच अजून थोडे मारतल्यात काय?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं, शिट्टी तोंडाला लावली आणि पुढे खेळणाऱ्या मुलींना हाक मारली. मुली चेंडू घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. डेल्सी धावत जाऊन गोलात उभी राहिली आणि मोज्यांनी दोन टाळ्या वाजवून ओरडली, "मारा!"